जिव्हार आणि माग

गेल्या नोव्हेंबरमध्ये एका संध्याकाळी, अंधार पडून बराच वेळ झाल्यावर, आमच्या दारावर टकटक झाली. पलीकडच्या शेताचा मालक उभा होता. अंगात झाडीत मिसळून जाणारे कपडे, टोपी काढून काखेत धरलेली आणि हातात एक बाण. तासाभरापूर्वी त्याने एका हरिणीवर तो बाण सोडला होता. बाण लागला, पण लागायला हवा होता त्याच्या वीतभर मागे, आणि हरिणी आमच्या हद्दीतल्या ओकच्या झाडीत शिरली होती. तिच्या मागावर यायला आमची परवानगी हवी, असे तो म्हणाला. विस्कॉन्सिन या अमेरिकेतल्या राज्यात जखमी जनावराचा माग काढत दुसऱ्याच्या खासगी जमिनीत जायचे झाले तरी मालकाला विचारावे लागते. मी बॅटरी आणायला वळले, तेव्हा त्याने मला थांबवले. "आत्ता नाही, सकाळी," असे म्हणून त्याने बाण माझ्यापुढे धरला. त्याला गुरांच्या पोटातल्या अर्धवट रवंथ केलेल्या चाऱ्याचा आंबूस वास येत होता.

बाण पोटातून गेला आहे, असा त्या वासाचा अर्थ होता. असे हरीण वाचत नाही, पण लगेच मरतही नाही. अशा वेळी माणूस मागे लागला तर ते उठते, दोन-दोन मैल पळते आणि कुणालाही न सापडता कुठेतरी मरते. त्याला एकटे सोडले तर ते दोनचारशे पावलांवर आडोसा बघून बसते आणि बहुधा तिथून पुन्हा उठत नाही. आम्ही सकाळी सात वाजता निघालो. रात्रभर पडलेल्या दवाचे पांढरे हिव पानांवर गोठले होते. हरिणी एका उन्मळून पडलेल्या झाडाच्या पोटाशी सापडली, तोवर ती गार झाली होती. शेजारी तिच्याजवळ काही वेळ नुसता बसून राहिला. रात्री झोप लागली नाही, एवढेच तो म्हणाला. चाळीस वर्षे शिकार करणाऱ्या माणसाच्या तोंडचे ते वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही.

मी मूळची हिंगणघाट तालुक्यातली. गेली २१ वर्षे अमेरिकेत आहे आणि त्यांतली १४ मॅडिसनच्या पश्चिमेला, माउंट होरेबच्या वाटेवरच्या टेकड्यांत गेली आहेत. दादा गावी शेती करतो. त्याच्या सोयाबीनमध्ये रानडुकरे शिरतात, हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगाई, बसतात, आणि पावसाळा संपल्यापासून सुगीपर्यंत त्याच्या कित्येक रात्री जागलीत जातात. मी स्वतः शिकार करत नाही आणि करणारही नाही. पण मुलाला शिकायचे होते, म्हणून इथल्या शिकारी-शिक्षणाच्या वर्गात मी त्याच्याबरोबर बसले. १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही हा वर्ग पूर्ण केल्याशिवाय विस्कॉन्सिनमध्ये शिकारीचा परवाना मिळत नाही. तिथे जे शिकले त्यामुळे गावाकडच्या वादाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली, आणि म्हणून हा लेख लिहीत आहे.

मराठीत जिव्हार हा शब्द आपण आता बहुतेक बोलण्यापुरताच वापरतो. कुणाचे बोलणे जिव्हारी लागते, अपमान जिव्हारी लागतो. पण जिव्हार म्हणजे शरीरातले मर्मस्थान, जिथे घाव बसला की जीव जातो. त्या वर्गात सारा भर या एका गोष्टीवर होता की हरणाचे जिव्हार नेमके कुठे असते आणि कोणत्या बाजूने ते उघडे असते. बंदुकीची गोळी हाडे फोडते, आजूबाजूच्या मांसाला जबर धक्का देते. बाण तसे काही करत नाही. तो फक्त कापतो. वस्तऱ्यासारखी धार असलेले त्याचे पाते रक्तवाहिन्या कापते आणि जनावर रक्तस्रावाने मरते. म्हणूनच इथला नियम पात्याची किमान रुंदी ७/८ इंच ठरवून देतो आणि त्याची धार राखण्याचे बंधन घालतो. पाते दोन्ही फुफ्फुसांतून किंवा हृदयातून गेले तर हरीण साधारण शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९० मीटरांच्या आत, काही सेकंदांत कोसळते. हे जिव्हार केवढे असते? पुढच्या पायाच्या मागे, बरगड्यांच्या खालच्या दोन तृतीयांश भागात, पसरलेल्या पंजाएवढे. त्याच्या पुढे फऱ्याचे, म्हणजे खांद्याचे हाड आहे, वर पाठीचा कणा आहे, मागे यकृत आणि त्याच्याही मागे पोट. हात चार बोटे चुकला तरी मरण सेकंदांवरून तासांवर जाते.

वर्गात शिक्षक एकेक चित्र दाखवत. हरीण पूर्ण आडवे उभे आहे, हरीण किंचित पाठमोरे आहे, हरीण समोर तोंड करून पाहत आहे, हरीण थेट मचाणाखाली आले आहे. प्रत्येक वेळी प्रश्न एकच, बाण सोडायचा की नाही. आडवे असेल तर सोडायचा. किंचित पाठमोरे असेल तर अवश्य, कारण तेव्हा बाण बरगड्यांमागून शिरून पुढे छातीत जातो आणि वाटेत फऱ्याचे हाड येत नाही. बाकी जवळजवळ सर्व चित्रांना योग्य उत्तर "नाही" असे होते. मचाणाखालचे हरीण अगदी जवळ असते, म्हणून नवख्याला ते सोपे वाटते. पण वरून सरळ खाली गेलेला बाण बहुधा एकच फुफ्फुस कापतो, आणि एका फुफ्फुसावर हरीण मैलभर जाऊ शकते, कधी जगूही शकते. शिवाय बाण पलीकडून खाली बाहेर पडला नाही तर रक्त छातीतच साठते, जमिनीवर थेंब पडत नाहीत आणि मागच उरत नाही. बारा वर्षांची मुले त्या वर्गात "नाही" म्हणायला शिकत होती.

नेम अचूक असूनही चूक होण्याचे आणखी एक कारण आहे. ते कळले तेव्हा मी घरी येऊन कागदावर आकडेमोड केली. टोकांना कप्प्या असलेल्या आधुनिक कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला सुमारे ८५ मीटर जातो आणि आवाज सुमारे ३४०. हरीण ३६ मीटरवर असेल तर प्रत्यंचेचा आवाज त्याच्या कानी सेकंदाच्या दहाव्या भागात पोचतो, पण बाणाला तिथे जायला सेकंदाच्या चार दशांशांहून अधिक वेळ लागतो. आवाजाने दचकलेले हरीण उडी घेण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसते. शरीर नुसते सोडून दिले तरी पाव सेकंदाच्या आत ते वीतभर खाली येते. जिव्हारावर धरलेला बाण मग कण्याजवळच्या मांसातून जातो. १८ मीटरवर हाच फरक निम्मा होतो. शेजारी वीस यार्डांपलीकडे बाण सोडत नाही. इथली दुकाने मात्र दरवर्षी अधिक लांब पल्ल्याची धनुष्ये विकतात. धनुष्य कितीही वेगवान झाले तरी ते आवाजाच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी पन्नास यार्डांची जाहिरात करणे मला अनैतिक वाटते.

बाण सोडल्यानंतरचे काम मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. आधी झाडावरून लगेच उतरायचे नाही. हरीण कुठे उभे होते, कोणत्या झाडाजवळ शेवटचे दिसले, ते मनात पक्के करायचे. मग बाण शोधायचा आणि वाचायचा. फेसाळ, गुलाबीसर रक्त असेल तर फुफ्फुस, आणि अर्ध्या तासाने निघायचे. गडद, काळपट लाल असेल तर यकृत, आणि निदान चार तास थांबायचे. हिरवट चोथा आणि वास असेल तर पोट, आणि आठ ते बारा तास, म्हणजे बहुधा रात्रभर. माग काढताना रक्ताच्या प्रत्येक ठिपक्यापाशी कागदाची पट्टी लावायची आणि पुढचा ठिपका दिसल्याशिवाय शेवटच्या ठिपक्यापासून हलायचे नाही. दोरीला बांधलेल्या, माग काढणाऱ्या कुत्र्यांचे मालक हंगामात रात्री-अपरात्री बोलावल्यावर येतात. एक हरीण शोधण्यात दोन-दोन दिवस घालवलेली माणसे मी पाहिली आहेत.

तरीही सर्व सापडत नाहीत. मेरीलँडमधल्या इंडियन हेड या नौदलाच्या तळावर १९८९ ते २००६ या काळात धनुर्धाऱ्यांच्या शिकारीची काटेकोर नोंद ठेवली गेली. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला आधी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागे. बाण लागलेल्या ९०८ हरणांपैकी १८ टक्के हरणे सापडली नाहीत. परीक्षा दिलेल्या लोकांच्या हातून हे प्रमाण होते. ओक्लाहोमातल्या लष्करी आवारात जुन्या पद्धतीची साधी धनुष्येच वापरू देत. तिथे रेडिओ-पट्टे लावलेल्या नरांचा अभ्यास झाला तेव्हा बाण लागलेल्यांपैकी निम्मे हाती आले नाहीत, मात्र त्यांतले बहुतेक नंतर जिवंत होते. हे कसे घडते, हे शरीररचनेवरून कळते. कण्याच्या वरच्या मांसातून गेलेला धारदार घाव स्वच्छ असतो, रक्त गोठते, जखम भरते. फऱ्याच्या हाडात अडकलेल्या पात्याभोवती शरीर जाड आवरण तयार करते आणि वर्षांनंतर मारलेल्या हरणांत अशी पाती सापडतात. आमच्याच झाडीत लावलेल्या कॅमेऱ्यात दोन वर्षांपूर्वी एक नर दिसत असे, पाठीवर आडवा, केस न उगवलेला पांढरा व्रण घेऊन ओकची फळे खात असलेला. पोटात बाण लागलेल्यांना मात्र हे नशीब नसते.

"हरीण चिवट असते, ते बरे होते," असे म्हणून काही शिकारी स्वतःचे समाधान करून घेतात. मला ते मान्य नाही. जे जगले ते शिकाऱ्याच्या कौशल्यामुळे नव्हे, चुकीचा घाव सुदैवाने आणखी चुकला म्हणून जगले. पण इथे मी एका गोष्टीचा आदर करते, आणि ती म्हणजे हे मोजले गेले. शंभरातली अठरा हातची गेली, हे शिकारीच्या बाजूच्या लोकांनी लिहून ठेवले, छापले, आणि पुढच्या पिढीला वर्गात शिकवले.

आता गावाकडे वळते. २०१६ च्या जूनमध्ये बिहारमधल्या मोकामा भागात दोनशेहून अधिक रोही बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी मारले, तेव्हा केंद्रातले दोन मंत्री उघडपणे भांडले. मनेका गांधींनी याला मारण्याची हाव म्हटले आणि त्याच वेळी चंद्रपूर जिल्ह्यात ५३ रानडुकरे मारल्याचाही उल्लेख केला. तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी उत्तर दिले की राज्ये मागणी करतात, शेतकऱ्याचे नुकसान होते आणि कायद्यात तरतूद आहे. तरतूद आहे हे खरे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खाली उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांना मारण्याची लेखी परवानगी देता येते. त्यानंतरच्या वर्षांत हा वाद आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटातही दर सुगीला नव्याने होतो. पुण्यात राहणारी चुलतबहीण म्हणते, मुक्या जनावराला मारायचे नाही. दादा विचारतो, मग माझ्या सोयाबीनचे पैसे कोण देणार? दोघांचेही बरोबर आहे आणि म्हणूनच वाद कधी संपत नाही.

मला या वादात जे कधीच ऐकू येत नाही ते वेगळेच आहे. मारायचे की नाही, यावर दोन्ही बाजू बोलतात. कसे मारायचे, यावर कुणी बोलत नाही. आणि आपण बोलत नाही म्हणून मारणे थांबलेले नाही. ते कुंपणात सोडलेल्या चोरट्या विजेच्या तारेने होते, ज्या तारेने दरवर्षी गुराखी, मजूर, कधी शेतकरी स्वतःही मरतो. ते गाडीच्या ब्रेकच्या तारेच्या फासाने होते. ते कणकेच्या गोळ्यात लपवलेल्या गावठी बॉम्बने होते, ज्याने रानडुकराचा जबडा फुटतो आणि ते खाता न आल्याने दिवसेंदिवस मरत राहते. मागच्या दिवाळीच्या सुमारास दादाच्या नाल्यात एक रोही सापडला. गळ्यात तार मांसात रुतलेली होती. वास आला तेव्हा कळले. मी त्याला फोनवर विचारले की तो जखमी असताना कुणाला दिसला नव्हता का. दादा म्हणाला, "दिसला असंल नं. पण जखमी जनावराच्या मागं कोन जाते बाई?"

दादा दुष्ट माणूस नाही. त्याच्या वाक्यात त्याचा दोषही नाही. आपल्याकडे जखमी जनावराच्या मागे जाणे हे कुणाचेच काम नाही, कारण ज्याने जखम केली त्याचे नावच कुठे नसते. अधिकृत परवानगीने गोळी झाडली जाते तेव्हाही बातमीत मारलेल्यांची संख्या येते, जखमी होऊन उसात शिरलेल्यांची येत नाही. शिकारीला विरोध करणाऱ्या माझ्या बहिणीनेही ही संख्या कधी विचारलेली नाही, आणि मला वाटते ती विचारण्याचा पहिला हक्क तिचाच आहे.

याचा अर्थ आपल्याकडे धनुष्यबाणाची शिकार सुरू करावी असा मुळीच नाही. हे मी ठामपणे लिहिते, कारण परदेशात राहणाऱ्या माणसाला जे दिसते ते उचलून गावी नेऊन ठेवण्याचा मोह होतो. हरणाचे ज्ञान रानडुकरावर चालत नाही. डुकराची फुफ्फुसे हरणाच्या मानाने पुढे आणि खाली असतात, मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड, चिवट थर असतो, आणि हरणाच्या हिशेबाने नेम धरला तर बाण नेमका आतड्यात जातो. रोह्याचा नर दोनशे किलोंच्या वर भरतो. आपलेच रोही १९२० आणि ३० च्या दशकांत टेक्सासच्या दक्षिणेत सोडले गेले, तिथे त्यांची शिकार होते, आणि तिथले जाणकार हरणासाठी पुरणारी बंदूक त्यांच्यासाठी पुरेशी मानत नाहीत. शिवाय आपली शिवारे माणसांनी भरलेली आहेत. जिथे पहाटे पाच वाजता तुरीच्या तासात बायका असतात, तिथे अमेरिकेतल्या ओकच्या जंगलाचे नियम लावता येत नाहीत.

आणि इथली व्यवस्थाही एका दिवसात झालेली नाही. एकोणिसावे शतक संपताना साऱ्या अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची ही हरणे काही लाखच उरली होती. बाजारासाठी केलेल्या बेबंद शिकारीने ती संपवली होती. १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला, १९७० च्या दशकात तो धनुष्यबाणांनाही लागू झाला, आणि बहुतांशी ११ टक्क्यांचा हा कर त्याच कामाला जातो. फक्त धनुर्धाऱ्यांसाठी राखीव हंगाम विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये सुरू केला. त्यासाठी आग्रह धरणाऱ्यांत वन्यजीवांचे अभ्यासक आणि लेखक आल्डो लिओपोल्ड होते, जे स्वतः धनुर्धारी होते आणि ज्यांची पत्नी एस्टेला राज्याची तिरंदाजीतली विजेती होती. आज हरणे इतकी झाली आहेत की राज्यच ती अधिक मारली जावीत म्हणते. माउंट होरेबच्या परिसरात २००२ मध्ये हरणांच्या मेंदूचा असाध्य रोग सापडला, तेव्हापासून आमच्या भागात तर अधिकच. पण हरणे फार झाली म्हणून कुठेही बाण मारा, असे त्या वर्गात कुणी म्हटले नाही. मला हेच दादाच्या बाजूने बोलणाऱ्यांना सांगायचे आहे. नुकसान मोठे आहे हे मारण्याचे कारण होऊ शकते, पण वाटेल तसे मारण्याचे नाही.

लहानपणी आजीकडून श्रावणबाळाची गोष्ट ऐकताना मला नेहमी आंधळ्या आईवडिलांचे दुःख आठवत राही. आता तीच गोष्ट मुलाला सांगताना मी दशरथापाशी थांबते. त्याची विद्या मोठी होती. आवाजावरून अंधारात बाण मारण्याची ती विद्या होती आणि नेम चुकलाच नाही, बाण जिव्हारीच लागला. चूक अशी झाली की समोर काय आहे हे न पाहता त्याने बाण सोडला. वर्गात पहिल्याच तासाला शिक्षकांनी सांगितलेला नियम हाच होता. काय मारत आहात आणि त्याच्या मागे काय आहे, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सोडायचे नाही. मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला होता, "आई, हे तर दशरथाचं."

त्या गोष्टीतला दुसरा भाग मात्र आपण फारसा सांगत नाही. आर्त हाक ऐकल्यावर दशरथ पळाला नाही. तो आवाजाच्या दिशेने नदीकाठी गेला, आपण काय केले ते पाहिले, आणि पाणी घेऊन त्या आईवडिलांसमोर उभा राहिला.

पुढच्या सुगीला जिल्ह्यात परवानगीचे अर्ज पुन्हा येतील आणि गटात वाद पुन्हा पेटेल. तेव्हा दोन्ही बाजूंनी मिळून काही गोष्टी मागाव्यात असे मला वाटते. गोळी झाडणाऱ्याची परीक्षा कोण घेणार आणि ती त्याच जनावराच्या शरीररचनेवर होणार का? किती अंतरापलीकडे झाडायची नाही? रात्री, उभ्या पिकात, जिथे जनावर अर्धेच दिसते तिथे मनाई असणार का? आणि जखमी होऊन निसटलेल्या प्रत्येक जनावराची नोंद कुठे होणार? ज्याच्या हातून जनावर जखमी झाले त्याने माग संपेपर्यंत मागे जावे, वनरक्षकाने बरोबर असावे, आणि ते सापडेपर्यंत किंवा दोन दिवसांचा शोध लेखी नोंदवेपर्यंत त्याला दुसरी गोळी झाडू देऊ नये. विजेची तार लावणाऱ्यालाही हेच लागू व्हावे. पिकासाठी लावली असली तरी ती मारण्याची पद्धतच आहे, आणि तिच्यापुढे कोण येणार आहे, हे ती लावणाऱ्याला कधीच दिसत नाही.